पाठीवरची शाई

आमच्या ऑफिसात रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्यानं मीटिंग होते. बसलं की लोक लांबण लावतात, म्हणून उभ्यानं. पण उभं राहायचाही कंटाळा, म्हणून सगळे मागच्या पांढऱ्या फळ्यावर रेलतात. त्या फळ्यावर अख्ख्या सिस्टिमचा नकाशा आहे, नऊ टीमपैकी कुणाचं काम कुणाला जोडलंय ते बाणांनी दाखवणारा. नोकरी सोडताना सुलभाताईंनी तो काढला आणि कोपऱ्यात 'पुसू नये' असं लिहून गेल्या.

तो कुणी पुसला नाही. खांद्याच्या उंचीवरचे बाण मात्र रेलून रेलून गेले. मोडायला हात लावावा लागतोच असं नाही. रोज थोडं टेकलं तरी पुरतं.

आज दोन टीमचं काम नेमकं त्या गेलेल्या बाणांपाशीच एकमेकांत अडकलं. मॅनेजर म्हणाले, "आपण अजाइल आहोत, नकाशे बघत बसत नाही. पुढच्या पंधरवड्यात बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या, रेलूनच. अजाइल म्हणजे चपळ. पंधरा मिनिटं टेकल्याशिवाय उभं राहता येत नाही अशी ही चपळ माणसं.

घरी आल्यावर बायकोनं माझा शर्ट धुवायला घेतला. म्हणाली, "पाठीला ही निळी शाई रोज कुठून लावून आणतोस?"