कच्चं पाणी

नारायणगावातल्या आमच्या कापडाच्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून नारायणगड दिसायचा. गिऱ्हाइकापुढं थान उलगडता उलगडता वडील म्हणायचे, "एकदा वर जायचंय राव." आयुष्यभर नुसतं म्हणत राहिले. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. शेवटी ते गेले तेही दुकानातच, भर बाजाराच्या दिवशी. त्यानंतर काही दिवस दुकान बंद ठेवावंच लागलं.

मी रडले नाही. मुलगी धीराची आहे, असं लोक म्हणाले. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. चहात साखर आहे का, हे दुसऱ्यानं विचारल्यावर मी परत एक घोट घेऊन बघायची. बारावीचे पेपरही असेच दिले. काय लिहिलं ते आजही आठवत नाही.

आमची माणसं मूळची राजस्थानची, जैन. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून बोलणं मराठी झालं, पण आईला अजून बाई म्हणतात आणि दुःख झालं की उपास धरतात. आईनं वर्षीतप धरलं होतं. म्हणजे वर्षाहून जास्त काळ एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी दोनदाच जेवण, आणि दोन्ही दिवस पाणी प्यायचं ते उकळलेलं, तेही सूर्य मावळायच्या आत. न उकळलेल्याला आमच्यात कच्चं पाणी म्हणतात. ते पोटात गेलं की व्रत मोडलं. आई रोज सकाळी पातेलंभर पाणी उकळायची आणि परातीत ओतून गार करायची. त्या पाण्याला कसलीच चव नसते.

अक्षय तृतीयेला तिचं पारणं होतं. महिनाभर आधी, जेवणाचा दिवस असताना, ती सकाळीच म्हणाली, "चल, गडावर जाऊन येऊ. त्यांचं राहिलंय."

खोडदपर्यंत जीपनं गेलो, पुढं पायथ्याच्या वाडीपर्यंत चालत. माझ्या खांद्यावर दोन वॉटरबॅगा होत्या. निळी आईची, उकळलेल्या पाण्याची. लाल माझी. चैत्राचं ऊन आठ वाजल्यापासूनच पाठीला लागलं होतं. पायऱ्या अर्ध्या निखळलेल्या होत्या आणि मधे नुसता मुरूम. आई साडी खोचून, चपला हातात घेऊन चढत होती. दर वळणावर मी विचारायची, "बसायचं का?" आणि ती मान हलवायची. आम्ही दोघी तेव्हा फार बोलत नव्हतोच.

वर पोचलो तर वाड्याच्या जागी दगडी दाराची एक चौकट तेवढी उभी होती. भिंती नव्हत्या. चौकटीच्या आत आणि बाहेर सारखंच वाळलेलं गवत. आई वाकून, पदर सावरून, रीतसर त्या दारातून आत गेली आणि चौकटीच्या सावलीत बसली. मी कड्यापाशी जाऊन खाली बघितलं. टोमॅटोची शेतं, हायवेवरचे ट्रक, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या. आमची मागची खिडकी शोधली. सापडली नाही. इतकी वर्षं आम्ही गडाकडं बघत होतो आणि गडावरून आम्ही दिसतच नव्हतो. याचंही मला काही वाटलं नाही. इथंच उडी मारली तरी काही वाटणार नाही, असं मनात आलं आणि तेही तसंच निघून गेलं.

मग मी पाणी प्यायले. लाल बाटली चढतानाच संपली होती, हे लक्षात नव्हतं. हाताला आली ती बाटली तोंडाला लावली आणि रिकामी केली. चव नव्हती, पण तेव्हा मला कशालाच चव लागत नव्हती, त्यामुळं कळलंच नाही. झाकण लावताना बघितलं तर बाटली निळी.

जवळच कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. तिथं एक बाई मेंढरं घेऊन बसली होती. माझ्या हातातली रिकामी बाटली बघून तीच म्हणाली, "घ्या की पावणं. लई ग्वाड पाणी हाय. उन्हाळ्यात बी आटत न्हाई."

आईला सांगितलं असतं तर ती तशीच तहानलेली खाली उतरली असती, दुसरं काही झालं नसतं. पण सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. मी बाटली टाक्यात बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवली.

आईनं पाणी मागितलं. मी दिलं. तिनं मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. गाल फुगलेले, डोळे समोरच्या डोंगरावर. मग गिळला. झाकण घट्ट लावून म्हणाली, "बास. आता घरी गेल्यावर."

उतरताना तिचे ओठ पांढरे पडले होते. बाटलीला तिनं परत हात लावला नाही. जीपमधे ती मांडीवर घेऊन बसली, भरलेलीच.

पारण्याला मंचरचे, आळ्याचे सगळे नातेवाईक जमले. एकेकानं छोट्या कलशानं आईच्या ओंजळीत उसाचा रस ओतला. माझी पाळी आली. आता सांगावं, असं वाटलं आणि मी रस ओतला. आईनं तो प्यायला.

पुढच्या फाल्गुनात तिनं दुसरं वर्षीतप धरलं. "लागोपाठ दुसरं! काय ही बाई!" म्हणून लोक तिच्या पाया पडले. मला मात्र कारण ठाऊक होतं. तिला त्या दिवशी कळलं होतं आणि माझी चूक ती तोंडातून अवाक्षर न काढता फेडत होती. एव्हाना मला पुन्हा थोडंफार काही वाटायला लागलं होतं, आणि जे वाटत होतं ते हेच ओझं. उपासाच्या दिवशी ती दुकानात स्टुलावर बसून कापड मापायची, आणि मी आत जाऊन उभ्यानं जेवायची.

माझं लग्न झालं, मंचरला गेले. गडावर पुन्हा कधी गेले नाही. त्या चढाईनंतर बारा वर्षांनी, आईचे गुडघे पार गेले तेव्हा, तिच्या मदतीला म्हणून महिनाभर माहेरी आले होते. तप केव्हाच संपलं होतं, पण पाणी ती अजून उकळूनच प्यायची. परात आता मी भरायची. एका सकाळी परातीत पाणी ओतता ओतता मी म्हटलं, "बाई, गडावर मी तुला टाक्यातलं पाणी दिलं होतं."

"माहितीये," ती म्हणाली.

"केव्हा कळलं?"

"तोंडात होतं तेव्हाच. थुंकायला काय, चारी बाजूंनी रानच होतं." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "तुझे वडील गेल्यापासून कशाला चव नव्हती बघ. त्या एका घोटाला लागली. म्हणून गिळला. दुसरं तप त्या घोटाचं. तुझा काय संबंध?"

मला आधी राग आला. बारा वर्षं मी जे ओझं वागवत होते, ते माझं नव्हतंच. आणि मग तिलाही तेव्हा काही वाटत नव्हतं, एकाच घरात आम्ही दोघी तशाच वावरत होतो, हे डोक्यात शिरलं. मी तिथंच परातीवर वाकून रडायला लागले. वडील गेले तेव्हाचं रडू होतं ते, थांबेचना.

आईनं थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "अगं, परात बाजूला सरकव आधी. सगळं परत उकळावं लागेल."