कोणी न मागितलेली दोन वर्षं

गेल्या गुरुवारी वसईत, आमच्याच फॅक्टरीत, माझा इंटरव्ह्यू होता. प्रमोशनचा. क्वालिटी मॅनेजरची पोस्ट, आणि सोबत नवीन प्लांट उभा करायची जबाबदारी... म्हणजे पुढची दोन वर्षं मान वर करायला फुरसत नाही.

माझं वय बत्तीस, लग्नाला चार वर्षं झाली. "जरा सेटल होऊ दे" म्हणत बाळाचा विषय आम्ही दोनदा पुढे ढकललेला. आता तिसऱ्यांदा ढकलायचा का, ह्याच विचाराने महिनाभर डोकं भणभणत होतं.

एक कबूल करते, मी संशयी आहे. आमचं कामच तसं... क्रीमच्या ट्यूबचा चांगला दिसणारा लॉटसुद्धा आधी गुन्हेगार धरायचा आणि मग तपासायचा. ही सवय घरी येताना गेटवर जमा करता येत नाही.

पहिला संशय नवऱ्यावर. प्रसादला बाळाचं विचारलं की एकच उत्तर, "तू म्हणशील तसं." पडद्यांच्या रंगावरून दोन दिवस वाद घालणारा माणूस, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीत ह्याला मतच नाही? मला वाटायचं, ह्याच्या मनात काहीतरी वेगळंच शिजतंय.

दुसरा संशय सासूबाईंवर. त्या वटारला राहतात, आम्ही इकडे चंदनसारला. दर रविवारी जेवायला जातो. पूर्वी भात वाढता वाढता त्या हमखास विचारायच्या, "मग, गोड बातमी कधी?" गणपतीपासून एकदम बंद. नुसतं, "केळी ने, भाजी ने, पन जेवून जा."

विचारायच्या तेव्हा राग यायचा. विचारायच्या थांबल्या तर जास्तच धास्ती वाटायला लागली. एकदा त्यांनी डिंकाचे लाडू दिले, तर मी घरी येऊन एक लाडू फोडून बघितला... हसू नका, मला वाटलं कुठल्यातरी बाबाचा अंगारा घातलाय. खारीक आणि बदाम निघाले.

तर इंटरव्ह्यू. समोर तिघं. आमच्या प्लांट हेड मॅडम, एचआरचे सर आणि हेड ऑफिसचे एक साहेब. "पुढे फॅमिलीचं काय" हा प्रश्न आडून आडून का होईना येणारच, ह्याची मला खात्री होती. उत्तर पाठ करून गेले होते.

त्यांनी ऑडिटबद्दल विचारलं, कस्टमरच्या कम्प्लेंट्सबद्दल विचारलं. पाऊण तास झाला तरी तो प्रश्न काही येईना. आणि मला घाम फुटला... म्हणजे ह्यांनी आधीच ठरवलंय, ही काय आज ना उद्या मॅटर्निटी लीव्हवर जाणार, हिला विचारायचं तरी कशाला.

"थँक यू" म्हणून उठायची वेळ आली आणि मी बोलून गेले. "सर, घरचं म्हणाल तर पुढची दोन वर्षं आमचा बाळाचा काही विचार नाही."

एचआरचे सर पेनाला टोपण लावत बसले. नवऱ्याला न विचारता, खरं तर स्वतःलाही न विचारता, मी तीन परक्या माणसांना शब्द देऊन बसले होते. इतकी लाज वाटली की बस.

आमच्याकडे शंका आली की लॉटवर पिवळा होल्ड टॅग लावतात, आणि त्यावर कारण लिहावंच लागतं. कारण नसेल तर मॅडम तो टॅग काढून लावणाऱ्याच्या हातात परत देतात. संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "सायली, आज तू स्वतःलाच होल्डवर टाकलंस. कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "प्रमोशन." त्या म्हणाल्या, "आम्ही असं काही मागितलं होतं का? तुला स्वतःला थांबायचंय का?"

तेव्हाही मनात किडा वळवळलाच... ही बाई मला चाचपून तर बघत नाही ना?

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. तिशीत असताना त्यांनीही एका इंटरव्ह्यूत असाच शब्द दिला होता, कोणी मागितला नसताना. वर्षभरात ती कंपनी विकली गेली, साहेब निघून गेले. शब्द कोणाच्याच लक्षात राहिला नाही, ह्या मात्र पाळत राहिल्या. पुढचं त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

घरी आले ती सरळ प्रसादसमोर बसले. म्हटलं, "'तू म्हणशील तसं' आजपासून बंद. तुला काय हवंय ते सांग." तो म्हणाला, "मला बाळ हवंय गं. पण मी बोललो असतो आणि तू ही पोस्ट सोडली असतीस, तर आयुष्यभर ते माझ्या माथी आलं असतं. आईलाही मीच सांगितलंय, तिला काही विचारू नकोस म्हणून."

मी रडले. महिनाभर ज्यांच्यावर पाळत ठेवून होते, ते दोघं फक्त माझ्या वाटेतून बाजूला होऊन उभे होते. आणि मला थांबायचं नव्हतं, हे त्या रडण्यातच मला कळलं. मला फक्त भीती वाटत होती.

शुक्रवारी सकाळी मॅडमना जाऊन सांगितलं, "कालचं माझं शेवटचं वाक्य मी मागे घेते. पोस्ट मला हवीच आहे, आणि काम मी करून दाखवीन. बाळाबद्दल मात्र कोणालाही शब्द देणार नाही." त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ मी अजून लावतेय...

निकाल अजून लागलेला नाही. इंटरव्ह्यूतले ते एचआरचे सर इथे फेसबुकवर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, हे मी विसरलेले नाही. सर, वाचत असाल तर नीट वाचा... पोस्ट द्या किंवा नका देऊ, आम्ही आता थांबणार नाही आहोत. आणि मॅडम, मनापासून थँक यू.