तांबड्या बाटलीची पातळी

सासूबाई पुण्याहून आमच्या सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या फ्लॅटवर कायमच्या राहायला आल्या तेव्हा एकच अट ठरली. घरात डुक्कर शिजणार नाही. मला मान्य होती. डुकराचा खांदा मी मैत्रिणीच्या सोसायटीतल्या बार्बेक्यू पिटवर, निखाऱ्यांच्या भट्टीवर, भाजते, घरी फक्त सॉस करते. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेत काढली. तिथे थोडं अंतर गेलं की सॉस बदलतो. समुद्राकडे नुसतं व्हिनेगर आणि मिरची, पुढे मोहरीचा पिवळा, डोंगराकडे टोमॅटो आणि काकवीचा तांबडा. तिन्ही बाटल्या आमच्या फ्रिजच्या दारात असतात.

"यात मांस नाही ना?" सासूबाईंनी आल्या आल्या विचारलं.

"नाही. मांसाला वरून लावायचे आहेत."

ते खरंच होतं. फक्त तांबड्यात मी वुस्टर सॉस घालते, आणि तो काळा, पातळ सॉस बारीक मासे आंबवून करतात. हे काही मी बोलले नाही. ज्या बाईने जन्मात अंडं खाल्लं नाही, ती डुकराच्या बाटलीला हात कशाला लावेल?

मग तांबडा सॉस उतरायला लागला. पहिला संशय नवऱ्यावर. त्याला ब्लड प्रेशर, मीठ बंद. मी बाटलीला पातळीवर रबर बँड चढवला.

"माझ्यावर पाळत ठेवतेस?" तो म्हणाला.

"बाटलीवर."

तो ऑफिसच्या कामाला जकार्ताला गेला. परत आला तेव्हा सॉस रबर बँडच्या चांगला खाली होता. त्याने बाटली दिव्यासमोर धरून मला दाखवली. 

आता घरात दुपारी एकट्या असतात त्या सासूबाईच. संध्याकाळी मी सिंकमधली त्यांची ताटली पाहिली. थालीपीठाचा चुरा, आणि कडेला तांबडा ओघळ.

"आई, थालीपीठाबरोबर काय घेतलंत?"

"लोणचं."

लोणच्याची बरणी धुऊन पालथी घातलेली होती. ती मीच घातली होती.

मी वाद घातला नाही. सांगावं, तर गेलेलं पोटातून परत येणार नव्हतं, आणि नंतर त्या माझ्या हातचं पाणीसुद्धा तपासून प्यायल्या असत्या. न सांगावं, तर रोज थोडा थोडा मासा पोटात जाणार. मी बाटली ओतून दिली आणि नवा तांबडा केला. वुस्टरच्या जागी चिंचेचा कोळ आणि थोडा सोया. रंग तोच. गाजावाजा न करता ठेवून दिला.

शनिवारी आम्ही दोघीच जेवत होतो. त्या उठल्या, फ्रिज उघडला, बाटली टेबलावर आणली आणि माझ्यासमोर ताटलीत सॉस घेतला. लपवाछपवी संपली होती. थालीपीठाचा तुकडा बुडवून खाल्ला. सावकाश चावला.

"काहीतरी घालायला विसरलीस."

"नाही."

"मग बदललंस. आधीच्याला मागून एक चव यायची. काय घालायचीस?"

त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जशी मी बाटलीकडे बघायचे.

"वुस्टर सॉस," मी म्हटलं. "त्यात मासे असतात. आंबवलेले. म्हणून काढला."

त्यांनी हातातला उरलेला तुकडा ताटलीत ठेवला. पाणी प्यायल्या. 

"किती?"

"आख्ख्या बाटलीला दोन चमचे."

"आणि हे तुला आधीपासून ठाऊक."

"तुम्ही लोणचं म्हणालात, आई."

 तुकडा उचलून त्यांनी संपवला, ताटली धुतली आणि आत जाऊन पडल्या.

आता तांबड्याच्या दोन बाटल्या असतात. चिंचेची डावीकडे, वुस्टरची उजवीकडे, दोन्हींवर नाव. चिंचेची नेमाने उतरते. वुस्टरची पिटवर जाण्याआधीच थोडी उतरलेली असते. नवरा शपथ घेतो की तो नाही.

त्या बाटलीचा रबर बँड मी काढून टाकला आहे.