आमचं बोलणं इंग्रजीत सुरू झालं

माझ्या नवऱ्याशी माझं पहिलं भांडण इंग्रजीत झालं.

तेही ओसरीवर, भर दुपारी, सासूसमोर.

आज ह्यांना, आमच्या डॉक्टरांना, जाऊन वर्ष झालं. नात म्हणाली, आजी, तू बोल, मी फेसबुकवर टाइप करते. तर बोलते.

तेव्हा ते डॉक्टर नव्हते. अमळनेरला कॉलेजात इंटर सायन्सला होते. स्वातंत्र्य अजून यायचं होतं. घर यावलजवळ, केळीचे मळे. मी धुळ्याची. वडील मास्तर, म्हणून मॅट्रिकपर्यंत शिकलेली.

सासरी त्या मॅट्रिकचं कौतुक कमी आणि माझ्या धुळ्याकडच्या बोलण्यातल्या ‘शे’ला, म्हणजे ‘आहे’ला, हसणं जास्त.

लग्न झाल्यावर कळलं, या घरात नवरा-बायको दिवसा एकमेकांशी बोलत नाहीत. मोठ्यांसमोर तर नाहीच. त्यांना पाणी हवं असलं की ते सासूबाईंना, म्हणजे अक्कांना सांगायचे. अक्का मला सांगायच्या.

मी तिथेच, हातभर अंतरावर उभी असायचे.

सुट्टीत ते घरी आले तेच काळजीत. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात अ‍ॅडमिशनसाठी इंटरव्ह्यू असायचा, इंग्रजीत. पुस्तकातलं सगळं त्यांना यायचं, पण तोंडातून एक वाक्य सरळ निघायचं नाही. त्यांच्या ओळखीचा एक हुशार मुलगा आदल्या वर्षी नुसतं ‘यस सर, नो सर’ करून परत आला होता.

सासरे, आबा, त्यांनी सांगून टाकलं होतं, “एकदा जाय. नाही झालं त मळा हायेच.”

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर हे आबांना म्हणाले, “मले इंग्रजी बोलाची सवय पाह्यजे. घरात दुसरं मॅट्रिक एकच हाय.”

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी दाराआड.

आबांनी सुपारी चघळली. मग म्हणाले, “बोला मंग. पन ओसरीवर. सगळ्यांच्या समोर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक बसली. ते खाटेवर, मी भिंतीशी, आणि मध्ये अक्का शेंगा फोडत.

मी इंटरव्ह्यू घेणारा साहेब झाले होते.

“गुड आफ्टरनून, सर,” ते म्हणाले. मला. मी पदर तोंडाशी धरून पहिला प्रश्न विचारला.

“व्हॉट डझ युवर फादर डू?”

“माय फादर इज बनाना.”

मी हसले. हसायला नको होतं. त्यांचे कान लाल झाले.

“यू आर नॉट माय टीचर.”

“देन फाइंड अनदर.”

अक्कांचा हात थांबला. “काय म्हनते ती?”

“अभ्यास हाय, अक्का,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. “माय फादर ग्रोज बनानाज,” एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. भांडण मिटलं.

एक सांगू? मराठीत त्यांना नुसतं ‘अहो’ म्हणायचीही मला लाज वाटायची. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की मोकळी.

सुट्टीभर आम्ही ओसरीवर सगळी केळी इंग्रजीत लावली, त्यांना पाणी दिलं, घड कापले, सावद्याला नेऊन रेल्वेत भरले. केळीच्या बुडाशी फुटतं त्या पिलाला इंग्रजीत काय म्हणतात, दोघांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही ठरवलं, ‘बनानाज सन’.

हळूहळू साहेबाचे प्रश्न भलतीकडे जायला लागले.

“डू यू लाइक अमळनेर?”

“नो, सर. माय वाइफ इज नॉट देअर.”

मी खाली पाहिलं. ते खाटेची दोरी नखाने कुरतडत बसले.

अक्का शेंगांवरून नजर न उचलता म्हणाल्या, “आज अभ्यास सोपा दिसते.”

त्यानंतर त्या सूप घेऊन आतच बसायला लागल्या. म्हणायच्या, आत उजेड बरा हाय. आत दिवसाही दिवा लागायचा.

निकाल लागला, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, ते कुणाचा तरी कोट घालून मुंबईला गेले. काहीच कळेना. आबा मळ्यात जाईनात. अक्का देवापाशी जास्त वेळ. मी भाकरी दोनदा करपवली.

मग एका सकाळी बैलगाडी दारात थांबली. कोट धुळीने भुरा झालेला. अंगणात सगळे गोळा झाले.

रीतीप्रमाणे आधी आबांच्या पाया पडायचं. ते आबांपर्यंत गेलेही. तिथे थांबले, वळले, आणि सगळ्यांदेखत, मराठीत म्हणाले,

“कुसुम, सीट मिळाली.”

दिवसाउजेडी माझं नाव त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदा.

आबा आभाळाकडे पाहत होते.

“उभी काय राह्यली?” अक्का मला म्हणाल्या. “बोल त्याच्याशी.”

माझ्या तोंडून एवढंच निघालं, “बरं झालं.”

आबांनी गावभर साखर वाटली. मुंबईच्या साहेबाने खरंच वडिलांचं विचारलं होतं, आणि हे केळीवर बोलायचे थांबेचनात. ‘बनानाज सन’ला साहेब खुर्चीत मागे रेलून हसला आणि म्हणाला, त्याला ‘सकर’ म्हणतात, यंग मॅन. पुढे काय होतं ते सांग.

मुंबईहून शिकून ते परत आले. जन्मभर यावलला दवाखाना चालवला. मी मुलींच्या शाळेत शिकवलं. रोज संध्याकाळी दोघांना इतकं सांगायचं असायचं की आमटी गार व्हायची.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि खुर्चीतच गेले. त्रास झाला नाही.

यंदा केळी चांगली आली आहे. आज पहिला घड शाळेतल्या मुलींना पाठवला.

डॉक्टर, तुमच्यासोबत फार मजेत गेलं हो आयुष्य. भरल्या मनाने नमस्कार.

– कुसुम