माणिकच्या डब्याची चिंधी

माणिक गेल्याचं मला एका बस कंडक्टरने सांगितलं, आणि ते ऐकून मी हसलो.

हसण्याला कारण होतं. आम्ही नोकरीत असताना एकदा सुट्टीत गावी गेलेल्या माणिकला परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा तपासायचा कंटाळा आला, तेव्हा याच कंडक्टरबरोबर त्याने निरोप पाठवला होता, ‘माणिक सर वारले, गठ्ठा तुम्हीच तपासा.’ मी अर्धा कप चहा तसाच टाकून त्याच्या गावाची, तामसीची बस पकडली होती, आणि माणिक ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेला. म्हणून या खेपेलाही आदिलाबादच्या स्टँडवर, थंडीने कान बांधून चहा पिता पिता मी म्हणालो, “किती गठ्ठे आहेत म्हणावं?” कंडक्टर हसला नाही. तिकिटांची पेटी काखेत धरून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “सर, या टाइमाला खरं हाय.”

बसमध्ये बसल्यावर माणिकच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना काय बोलायचं याची मी तयारी केली. उभी हयात इंग्रजी शिकवून पोट भरलं, गाइडं लिहिली, एक वाक्य काय अवघड! दोन्ही बाजूंनी वेचून झालेली कपाशी मागे जात होती आणि मी वाक्य घोळवत होतो. गावात उतरलो, दारात माणसं बसलेली दिसली, अक्का उंबऱ्यात होत्या. आणि माझ्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीने निघालं, “माणिक आहे का घरी?”

लोकांनी माना खाली घातल्या. अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हाय ना, भाऊ. आत झोपला हाय.”

माणिकची आणि माझी गाठ पडली ती आदिलाबादच्या कॉलेजात. दोघेही एकाच साली इंग्रजी शिकवायला लागलो. मी बेला गावचा, कापूस-ज्वारीवाल्या घरातला, पास झालो हेच घरच्यांना पुष्कळ वाटायचं. माणिक तामसीकडचा. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. आई तो लहान असतानाच गेली, पुढे वडीलही गेले, आणि त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीने. तिने शेतात निंदायला जायचं, कापूस वेचायला जायचं, आणि याने शाळेत. गावची शाळा संपली तशी तालुक्याची, मग कॉलेज, मग हैदराबाद. तो नोकरीला लागला तेव्हा अक्का एक गाठोडं घेऊन त्याच्या भाड्याच्या खोलीवर आल्या आणि चूल मांडली. याचं लग्न झाल्यावर परत जाईन, असं त्या म्हणायच्या. माणिक म्हणायचा, “आधी अक्काचं, मग माझं.” दोघंही आपापल्या जागी अडून बसले, आणि त्या अडून बसण्यात दोघांचेही केस पांढरे झाले. बघणाऱ्याला वाटायचं, काय हे बहीण-भावाचं प्रेम. मलाही तसंच वाटायचं.

त्या काळात बीएच्या मुलांना एक इंग्रजी कादंबरी होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची, विलायतेतल्या एका ओलसर खेड्यातली. एक विधुर पाद्री आणि त्याची मुलगी. दगडी घराच्या भिंतीला नाशपातीचं एक झाड खिळे मारून, हात पसरल्यासारखं आडवं वाढवलेलं. रेल्वेची जमीन मोजायला एक तरुण येतो, त्या मुलीला मागणी घालतो, आणि ती जात नाही. गोष्ट एवढीच. मुलांना अभ्यासाला होती ती कापूनछाटून बारीक केलेली आवृत्ती. वर्गात कोणाची मातृभाषा तेलुगू, कोणाची मराठी, कोणाची उर्दू. इंग्रजी कोणाचीच नाही, आमचीसुद्धा नाही. तेव्हा निर्मळच्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी तिचं गाइड लिहिलं. आम्हा दोघांपैकी कोणी नाशपातीचं झाड पाहिलेलं नव्हतं, भिंतीवर वाढवलेलं तर नाहीच. मी बेधडक लिहून टाकलं की त्या झाडाच्या फांद्यांतून आरपार खिळे ठोकलेले होते, म्हणून झाड म्हणजे मुलीचं हालहाल झालेलं आयुष्य. त्याखाली ‘महत्त्वाचे’ असं छापून घेतलं. जिल्हाभर पोरांनी ते खिळे पाठ केले. पुढे एका वर्षी पेपरांत त्या खिळ्यांतून रक्तही यायला लागलं.

माणिक गाइडाला हात लावायचा नाही. मला तो ‘गाइडवाले’ म्हणायचा. आमचं भांडण व्हायचं ते पाद्र्यावरून. मी लिहिलं होतं, पाद्री हा खलनायक आहे. माणिक म्हणायचा, “दाखव कुठं नाही म्हणतो तो पोरीला.”

“म्हणत नाही, पण...”

“तेच तर. सगळ्या पुस्तकात एकदाबी नाही म्हणत नाही. रोज संध्याकाळी बाप फक्त इचारते, आता दिवा कोण लावंल? झालं. पोरगी उठून दिवा लावते. त्याचं सारं पात्र त्या न बोलण्यात हाय, गाइडवाले. तुमाले खलनायक पायजे तलवार घेतलेला.”

इतकं स्वच्छ त्याला दिसायचं. वर्गात तो ते शिकवायला लागला की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर जेवताना तीच गोष्ट तो अक्कांना आपल्या बोलीत सांगायचा. नाशपाती त्यांना कुठून कळणार, म्हणून त्याने झाड पेरूचं केलं होतं. अक्का भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, “त्या पोरीले मावशी-गिवशी कोणीच नव्हतं काय?”

मग अक्कांसाठी एका मास्तरांचं स्थळ आलं. आमच्या बेल्याचेच प्राथमिक शाळेतले मास्तर, माणिकच्याच समाजातले, बायको वारलेली, मूल नाही. एका कार्यक्रमात त्यांनी अक्कांना पाहिलं होतं. मला म्हणाले, “सर, तुमी बोलून पाहा. या वयात लाज वाटून राह्यली, पण बोलून पाहा.” असल्या नाजूक कामाला मला निवडणं हीच त्यांची पहिली चूक. मी माणिकच्या घरी गेलो, आधी थंडीविषयी बोललो, मग कापसाच्या भावाविषयी, मग एकदम धीर करून विषय काढला. माणिक खुर्चीतून उठला, “अक्काले इचार, मी कोण सांगणार,” असं म्हणून आतल्या खोलीत जाऊन पुस्तक घेऊन बसला.

अक्का चुलीपाशी होत्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी पाहिला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. हातातलं पीठ तसंच ठेवून त्या ऐकत होत्या, पदर सारखा करत होत्या. मी मास्तरांचे गुण सांगत सुटलो. सरकारी नोकरी, दारू नाही, बिडी नाही. गुण संपले तेव्हा म्हणालो, “आणि अक्का, भाकरीसुद्धा स्वतः करतात. झकास करतात.”

अक्का हसल्या. “मंग त्याहिले माझी काय गरज, भाऊ?”

मीही हसलो. तेवढ्यात त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. दार उघडंच होतं. हळू आवाजात त्या म्हणाल्या, “याले तर चहाबी येत नाही... याच्या जेवणाचं कसं होईल?”

प्रश्न मला नव्हता. आतून काही आलं नाही. मग पान उलटल्याचा आवाज आला. अक्कांनी पीठ पुढे ओढलं आणि थापायला लागल्या. “मास्तराले म्हणा, दुसरं चांगलं स्थळ पाहा,” एवढंच म्हणाल्या. मी त्या भाकरी जेवून आलो. हसत हसत नकार मिळाला, कोणी दुखावलं नाही, अशी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

माणिकचा जेवणाचा डबा सगळ्या कॉलेजला माहीत होता. पितळी, कल्हई केलेला. त्याचं झाकण ढिलं होतं. नवा घेऊ म्हटलं की अक्का नाही म्हणायच्या. त्या आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडायच्या आणि डब्याला आडवी-उभी बांधून वर गाठ मारायच्या. ती विरली की दुसरी. हिरवी, जांभळी, कधी किरमिजी लाल. गाठ इतकी पक्की की माणिकला दातांनी सोडवावी लागायची. “अक्काचं कुलूप हाय,” म्हणायचा. तासाला जातानाही तो डबा बरोबर न्यायचा, कारण स्टाफरूममध्ये ठेवला तर मी ठेचा संपवायचो.

पुढे कधीतरी हैदराबादला फूटपाथवर त्याला ती कादंबरी मिळाली, अख्खी, न छाटलेली. इतकी वर्षं शिकवलेलं पुस्तक त्याने पहिल्यांदाच पूर्ण हातात धरलं. घरी आधी वाचून येण्याइतकाही त्याला धीर नव्हता. वर्गातच उतारे मोठ्याने वाचायचा, तिथेच अर्थ सांगायचा. माझा तास शेजारच्या खोलीत असायचा, मध्ये पत्र्याची भिंत, त्यामुळे त्याचं शिकवणं माझ्याही पोरांना फुकट मिळायचं. एके दिवशी त्याचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. मला वाटलं खोकला आला असेल. मग पोरांची कुजबुज वाढली. मी डोकावलो तर माणिक टेबलाशी उभा, पुस्तक उघडं, आणि नजर पुस्तकावर नाही. डब्यावर.

स्टाफरूममध्ये आला तरी त्याने डबा सोडला नाही. म्हणाला, “गाइडवाले, खिळे फांदीत नव्हते.”

“मग?”

“भिंतीत होते. फांद्यांले चिंध्या बांधल्या होत्या, त्या खिळ्यांले अडकवून. अलगद... फांदीले काचू नये म्हणून. त्या पोरीनं आपलेच जुने कपडे फाडून केलेल्या चिंध्या.” त्याने डब्याच्या चिंधीवरून बोट फिरवलं. “मी इतके वर्स स्वतःले ते झाड समजून राह्यलो होतो, लेका. अक्कापायी लग्न नाही केलं, अक्कापायी बदली नाही घेतली. मी तर भिंत निघालो.”

आणि मी काय केलं? मी हसलो. मला तो विनोद वाटला. म्हणालो, “भिंत तर भिंत, पण ठेचा काढ.” त्याने डबा माझ्याकडे सरकवला. मी गाठ सोडवली, जेवलो. तो जेवला नाही.

त्या रविवारी तो एकटाच बेल्याला जाऊन आला. मास्तरांनी तोवर दुसरं लग्न केलं होतं. अंगणात त्यांचं मूल सायकलचं चाक फिरवत बसलं होतं, असं आमच्या घरच्यांनी मला नंतर सांगितलं. मी माणिकला विचारलं तेव्हा म्हणाला, “चहा चांगला होता मास्तरकडचा.” पुन्हा तो विषय काढला नाही. मात्र तेव्हापासून तो स्वयंपाक शिकायला लागला. त्याची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. अक्का बाजूला उभ्या राहून म्हणायच्या, “काऊन जिवाले तरास देऊन राह्यला? सरक.” तो सरकायचा नाही. एकदा त्यांना म्हणाला, “अक्का, तुले कुठं जावंसं वाटलं तर जाय. माझं होते.” अक्कांनी विचारलं, “आता कुठं जाऊ?” त्याने पुढची भाकरी थापायला घेतली. कादंबरी पुढे अभ्यासक्रमातून गेली. नोकरी संपल्यावर दोघं गावी परतले, आणि तिथेही सकाळची भाकरी तोच करायचा, वाईट करायचा, आणि अक्का मुकाट्याने खायच्या.

बौद्ध रीतीने माणिकच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. त्यानंतर एका दुपारी मी पुन्हा गेलो. या खेपेला तोंडातून वेडंवाकडं काही निघू नये म्हणून बराच वेळ बोललोच नाही. चूल पेटलेली होती. अक्कांनी भाकरी केल्या, मला वाढल्या. मग समोर बसून म्हणाल्या, “भाऊ, त्या पेरूवाल्या पोरीचं शेवटी काय झालं?”

“म्हणजे?”

“माणिक दरसाल सांगे आन् बाप आजारी पडला का थांबे. बाकी उद्या म्हणे. कितीक वर्सं झाले.”

मला शेवट माहीत होता. पण समोर त्या बसलेल्या, मागे भिंतीला माणिकचा फोटो... मी म्हणालो, “बाप गेल्यावर ती त्या रेल्वेवाल्याकडे निघून गेली, अक्का. सुखी झाली.”

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. “तुमी गाइड नका सांगू, भाऊ. पुस्तकातलं सांगा.”

मग सांगितलं. बाप मरतो. ती कात्री घेऊन बाहेर येते आणि झाडाच्या सगळ्या चिंध्या कापून टाकते. झाड सुटतं. पण फांद्या पडत नाहीत, वर जात नाहीत, तशाच भिंतीला पसरलेल्या राहतात. ती बघत उभी राहते. पुस्तक तिथे संपतं.

अक्कांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाल्या, “तिथंच काऊन संपवलं? तिचे तर लय दिवस बाकी असतील.”

पुस्तकांवर इतकं बोललो आयुष्यभर, हे काही कोणत्या गाइडात नव्हतं.

निघताना त्यांनी फळीवरचा डबा काढला. त्याला शेवटची चिंधी अजून तशीच होती, विटलेल्या जांभळ्या लुगड्याची. त्यांनी ती नखांनी सोडवायला घेतली. सुटेना. मग दातांनी, माणिक सोडवायचा तशी. चिंधी सरळ करून त्यांनी चुलीत घातली. डब्यात माझ्यासाठी दोन भाकरी ठेवल्या, वर ठेचा ठेवला, झाकण लावलं. मी वाट पाहत होतो की आता त्या जुनं लुगडं काढतील, फाडतील. त्यांनी डबा तसाच माझ्या हातात दिला.

“झाकण ढिलं हाय,” म्हणाल्या. “धरून न्या.”

तामसीचा रस्ता सगळा खड्ड्यांचा. आदिलाबाद येईपर्यंत मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो, झाकणावर दोन्ही हात दाबून. कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायला आला, तरी मला हात काढता येईना.