निळ्या पिंपातली वही

"थांबा, हात वाळू द्या."

कागदाला शिवण्याआधी आप्पा कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग दोन्ही हात हवेत धरून उभे राहायचे. टॉवेलला पुसायचे नाहीत. टॉवेलचा धागा कागदाला चिकटतो, असं त्यांचं म्हणणं. आपण समोर बसून त्यांचे हात वाळायची वाट बघायची. उन्हाळ्यात हे लवकर उरकायचं. पावसाळ्यात तोवर चहा येऊन जायचा.

कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात ते ऑपरेटर होते. उमेदीची सगळी वर्षं तिथंच गेली. बोटांची टोकं पिवळी पडली होती, ती निवृत्तीनंतरही पिवळीच राहिली. तो कारखाना आता बंद आहे. मुलगा रांजणगावला कामाला, म्हणून तेही शेजारच्या कारेगावात त्याच्याकडे राहायला आले होते. गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

मी विद्यापीठाच्या अभिलेखागारात काम करतो. कामगार चळवळीचे आणि वाढत्या शहरांचे कागद जमवायचे, नीट लावायचे आणि वाचायला येणाऱ्याच्या हाती द्यायचे, हे आमचं काम. संपाची पत्रकं, सभांची इतिवृत्तं, गेटवरच्या घोषणांचे फोटो, असं सगळं. एरवी हे रद्दीवाल्याकडे जातं. कारेगावातल्या एका म्हाताऱ्यांकडे अख्खी युनियन जपून ठेवलेली आहे, असं कुणीतरी सांगितलं आणि मी एसटीनं तिकडे गेलो.

घरामागं पत्र्याच्या आडोशाला झाकणाचं निळं पिंप होतं. त्या भागात घरोघरी पाण्याला असतं तसलंच. आप्पांच्या पिंपात पाणी नव्हतं, कागद होते. थराथरांत लावलेले, मधेमधे वाळलेला कडुलिंबाचा पाला. मी बॅगेतून पांढरे हातमोजे काढले तसे ते हसले.

"आप्रेशन करायचं हाय का?"

"नियम आहे, आप्पा."

"मंग चांगला हाय नियम. घाला, घाला."

त्यांनी लिहिलेली इतिवृत्तं वाचताना मी किती वेळा एकटाच हसलो असेन. एका सभेची नोंद मला पाठ आहे. "सभा शांततेत पार पडली. अध्यक्ष रुसून घरी गेले. त्यांचा चहा मी पिलो." युनियनच्या दप्तरात असं कोण लिहितं? मी तसं विचारलं, तर म्हणाले, "झालं तसं लिवलं. च्या पिलो हुतो, न्हाई कसं म्हणू?"

पिंपाच्या तळाशी एक लांबट हिरवी वही होती. ती देताना मात्र ते हसले नाहीत.

तिच्यात ठेकेदाराच्या माणसांची नावं होती. बिहार, ओडिशा, मराठवाडा, कुठून कुठून आलेली माणसं. कारखान्यात भाजली, गुदमरली, मेली. प्रत्येकाचं नाव, गाव, काय झालं, घरी कुणाला कळवलं, अंत्यविधी कुठं झाला आणि अग्नी कुणी दिला.

"कंपनीच्या मस्टरला ह्यांची नावं न्हवतीच," आप्पा म्हणाले. "माणूस मेला की ठेकेदार म्हणायचा, कोण? आसा माणूसच न्हवता आपल्याकडं. तवापासनं लिवाया लागलो. पर दोघांनी सांगितल्याबिगर येक आक्षर लिवलं न्हाई. येकट्याचं ऐकून लिवणं बरं न्हवं."

सगळा ऐवज त्यांनी आम्हाला देऊन टाकला. निघताना एवढंच म्हणाले, "कुणी नाव इचारत आलं तर दावा, म्हंजी झालं."

"केव्हाही या, आप्पा. पाच मिनिटांत काढून देऊ," मी म्हणालो.

आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण आप्पांबद्दल सांगायचं तर हे टाळता येणार नाही.

इमारतीबाहेर एकही कागद न्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम. तो मीच टाइप करून दारावर चिकटवला होता. आणि ती हिरवी वही मीच पिशवीत घालून घरी नेली. तिच्यावर मला निबंध लिहायचा होता. लिहिला. एका चर्चासत्रात वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन प्राध्यापकांनी पाठ थोपटली. निबंधात मी "एका कामगाराच्या वहीनुसार" असं लिहिलं होतं. त्या कामगाराला नाव आहे हे मला माहीत होतं. वही परत नेऊ, उद्या नेऊ, म्हणता म्हणता ती माझ्या कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली सहा महिने पडून राहिली.

एके दिवशी दुपारी बाराच्या सुमारास खालून वॉचमनचा फोन आला. आप्पा आले होते. सोबत डोक्यावरून पदर घेतलेली, पन्नाशीची एक बाई. हातात कापडी पिशवी आणि एक रिकामा स्टीलचा डबा.

बाई बिहारहून आली होती. तिचा नवरा वीसेक वर्षांपूर्वी कुरकुंभला गेला तो परत आलाच नाही. मेल्याचा निरोप तेवढा पोचला. इतक्या वर्षांनी गावच्या माणसांबरोबर ती दौंडला उतरली होती. कुरकुंभला विचारत फिरली तेव्हा कुणीतरी आप्पांचा नंबर दिला. आप्पा पहाटे कारेगावहून निघून दौंडला गेले आणि तिला घेऊन पुण्याला आले होते. तिची परतीची गाडी दौंडवरून संध्याकाळी होती.

"साहब, बस इतना देख दीजिए, कहाँ जलाया," ती म्हणाली. "वहाँ की मिट्टी ले जानी है."

"चौथं का पाचवं पान आसंल," आप्पा म्हणाले. "हिरवी वही. तुमाला म्हाईतच हाय."

माझं घर तिथून रिक्षानं वीस मिनिटांवर होतं. जाऊन येऊन तासही लागला नसता. तिची गाडी सहज मिळाली असती. पण शेजारच्या खोलीत आमच्या संचालक बाई बसल्या होत्या. वही कुठून आणली, असं त्यांनी विचारलं असतं.

मी म्हणालो, "आप्पा, यादी करायचं काम चालू आहे. पेट्या सगळ्या बंद करून ठेवल्यात. आज काही निघायचं नाही."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग बाईकडे वळून हळू आवाजात हिंदीतून त्यांनी ते सांगितलं. तिला ते लगेच समजलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली.

"तुम्हाला आठवत असेल ना, आप्पा?" मीच पुन्हा म्हणालो. हे म्हणायची मला कशी हिंमत झाली, कोण जाणे.

"त्या हप्त्यात दोघं गेलते," ते म्हणाले. "येकाला कुरकुंभलाच आग्नी दिला, दुसऱ्याला दौंडला नदीवर. हिचा मालक कंचा, ते डोक्यात ऱ्हायलं न्हाई."

"मग दोन्ही जागा दाखवा."

"आन् दोन्हीकडं रडाया लावू व्हय तिला? त्यातलं येक रडणं परक्याचं."

जाताना त्यांनी मला हात जोडले. "तुमच्या कामात खोळंबा केला," म्हणाले. बाईनंही हात जोडले. डबा तिनं पुन्हा पिशवीत घातला.

संध्याकाळी घरी जाऊन मी कपाट उघडलं. पान चौथंच निघालं. दौंड, भीमेच्या काठी, रेल्वे पुलाच्या खालच्या अंगाला. अग्नी त्याच्या गावच्याच एका सोबत्यानं दिला होता. खाली आप्पांचं नेहमीचं वाक्य होतं, "दोघांनी सांगितले." मी घड्याळ बघितलं. दौंडहून उत्तरेकडे जाणारी गाडी त्याच पुलावरून जाते. ती एव्हाना पूल ओलांडून गेली होती.

वही घेऊन कारेगावला जायला मला आणखी पंधरा दिवस लागले. हेही सांगितलंच पाहिजे.

आप्पा ओट्यावर बसले होते. मी वही त्यांच्यापुढं ठेवली.

"घावली का? कुठं हुती?"

"माझ्या घरी."

"त्या दिशीबी?"

"हो, आप्पा."

ते उठले, हात धुतले आणि वाळेपर्यंत हवेत धरून उभे राहिले. चौथं पान काढून त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग मुलाकडून बाईच्या गावचा फोन लावून घेतला आणि कारखान्यात शिकलेल्या हिंदीत मोठ्यानं बोलू लागले. "भाभी, दौंड में. नदी पर. हाँ, वही नदी. गाडी को पुल आया था ना, उसके नीचे."

पलीकडून काय आलं ते त्यांनी ऐकून घेतलं. "हाँ, हाँ" करत राहिले. मग फोन ठेवला.

"पूल आला तवा डब्यातल्या समद्यांनी नदीत पैसा टाकला, म्हणून तिनंबी टाकला म्हणं. कुणाची नदी हाय, ठाऊक न्हवतं तिला."

मी मान खाली घातली. ते मला बोलले असते, वही अंगावर फेकली असती, तर बरं वाटलं असतं. त्यांनी मुलाकडून पेन मागवलं आणि वहीतलं पहिलं कोरं पान उघडलं.

"तुमचं पुरं नाव सांगा."

मी सांगितलं. ते सावकाश लिहीत होते. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली. बाई कधी आली, कशासाठी आली, हे लिहून पुढं होतं, "वही मिळाली नाही. कारण वही साहेबांच्या घरी होती." साहेबांचं नाव पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट.

"वाचा. काय चुकलं आसंल तर सांगा."

"काही चुकलं नाही."

"मंग हितं सही करा. दोघांनी सांगाया लागतंय. येक मी झालो."

मी सही केली. त्यांनी शाई वाळू दिली, वही मिटली आणि मला वाटलं, ती आता पिंपात जाणार. ती त्यांनी माझ्याच हातात दिली.

"न्या. घरी नगं. तिथं ऱ्हाऊ द्या."

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. मला आठवड्यानं कळलं. कारेगावला गेलो तर मुलगा ड्यूटीवर होता. सुनेनं पाणी दिलं. मी पाच मिनिटं बसलो आणि निघालो.

वही आता आमच्याकडे आहे, यादीत नोंदवलेली, आप्पांच्या नावावर. कुणी मागितली की मी स्वतः टेबलावर नेऊन देतो. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी आली होती. दिवसभर टिपणं काढत बसली. चारच्या सुमारास तिची पेन्सिल थांबली. तिनं माझ्या शर्टावरच्या नावाच्या पाटीकडे बघितलं, मग पुन्हा वहीकडे.

"सर, हे तुम्हीच का?"

"हो."

तिनं पान उलटलं. पुढची सगळी पानं कोरी होती. तरी ती तिनं एकेक करून शेवटपर्यंत उलटली.