कंसातला डॉलर

भोपाळपासून वेगळ्या झालेल्या राज्याची राजधानी नवी होती तेव्हा तिथल्या शंकर नगरातल्या एका छोट्या ऑफिसात मी पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते. भोपाळहून बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर-वाटपाच्या याद्या आम्ही छापायचो. आधी प्रोग्राम लिहिणारा, ऑफिसात सगळे ज्याला भैया म्हणत तो, काविळीनं गेला होता. मला त्याच्याच खुर्चीत बसवलं. खुर्ची त्याच्या उंचीची होती, माझे पाय टेकत नसत. काम जमलं तर नोकरी, नाहीतर बाबांनी मुलगा पाहून ठेवला होता. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच; विचारायचं कोणाला?

भैया सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका स्वतंत्र तुकड्याला, बोलावताना नावाआधी & लावायचा. पुस्तकात ती जुनी पद्धत म्हटली होती, म्हणून मी ते चिन्ह सगळीकडून काढलं. दुपारी प्रिंटरमधून नावं आलीच नाहीत. कागदावर नुसता एक आकडा होता.

"नावं कुठं गेली वं?" ऑफिस चालवणाऱ्या दीदींनी विचारलं. त्या वर्ध्याच्या.

"मले नाही समजून राहिलं, दीदी."

"तो होता तवा कधी बिघडलं नाही. भूत होऊन बसला काय त्याच्यात?" त्या हसल्या, मग घड्याळाकडे बघू लागल्या. "पाचपर्यंत यादी दे पोट्टे, नाहीतर उद्या येऊ नको."

मी सबरूटीन उघडलं. त्याच्या नावानंतर कंसात डॉलरचं एक चिन्ह होतं. यालाच प्रोटोटाइप म्हणतात. कॉलेजात सी भाषा शिकलेल्या आम्हाला वाटायचं, कंसात काय घ्यायचं ते लिहितात. यादी एक, म्हणून डॉलर एक. पर्लमध्ये मात्र त्या डॉलरचा अर्थ, जे येईल ते एकच मूल्य करून घे, असा होतो. अख्ख्या यादीचं एकच मूल्य केलं की उरते फक्त तिच्यातल्या नावांची संख्या. नावाआधी & असला, तर पर्ल त्या कंसाकडे बघतच नाही; म्हणून भैयाच्या वेळी नावं नीट यायची.

म्हणजे भैयालाही कधीतरी असाच आकडा दिसला असणार, याच खुर्चीत. कारण न कळता त्यानं पळवाट शोधली असावी. मागे वळून बघायची हिंमत होईना.

मी कंस पुसला. नावं एकेक करत छापून येऊ लागली.

"जमलं?"

"हव."

"काय होतं?"

"त्याची एक चूक होती, दीदी. काढली."

दीदी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ठेवायची होती ना वं," त्या हळूच म्हणाल्या.